तार आली

मिरजेच्या दवाखान्यात बाकावर बसून माझी पाठ आणि स्वभाव दोन्ही कामातून गेले होते. नव्व्याण्णवचा जून. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक फौजी. माझा भाऊ वीरधवल कारगिलला होता. मला सांगलीत दिलेली, म्हणून आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन इथं करायचं ठरलं. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी चहाला खाली गेले आणि परत येते तर आई घामानं डबडबलेली, हात छातीवर.

डॉक्टर म्हणाले, अटॅक. मग अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या लख्ख.

"हृदयाचं टोक मात्र हलतच नाही," ते म्हणाले. "जबर धक्क्यानं असं होतं म्हणतात. काही वाईट कळलंय का त्यांना? सुधारेल, पण रडारड अजिबात नको."

वीरूचं पत्र तीन आठवडे नव्हतं, पण ते मी आईपासून लपवलं होतं. म्हणजे तिला कळण्यासारखं काहीच नव्हतं. मी तोंडभर हसून "वीरू मजेत आहे" म्हणायचे. आई भिंतीकडे बघत "व्हय" म्हणायची. पेज दोन घोट, बस. खोटं कशाला सांगू, मला तिचा रागच यायला लागला. मी एवढी राबतेय आणि हिला बरंच व्हायचं नाही.

मंगळवारी शेजारच्या खाटेवरच्या राहीबाईंचे यजमान आले. आप्पासो, तंबोरे करणारे. दारातूनच बायकोला म्हणाले, "अगं, ती तार चढवली. लय गोड बोलतोय तंबोरा."

आईनं मान वळवली. "कुठली तार?"

"तंबोऱ्याची, आक्का. महिनाभर अडून बसलो हुतो. शुक्रवारी सकाळी हितंच, दारातनं वरडून पोऱ्यानं सांगावा दिला, तार आली म्हणून." त्यांनी खिशातून उरलेल्या पितळी तारेचं वेटोळं काढून दाखवलं.

फौजीच्या घरात तार एकाच बातमीची येते. आणि आजाऱ्याला ती कुणी सांगत नाही, सगळे हसून वेळ मारून नेतात. माझ्यासारखे.

"आई, म्हणजे तू चार दिवस वीरूला..."

"व्हय. गेला म्हणूनच धरला व्हता." ती वेटोळ्यावरून बोट फिरवत होती. "रडले असते तर तुला कळलं असतं, मला म्हाईत झालंय म्हणून. तू एवढी जीव तोडून हसत व्हतीस. म्हटलं, ऱ्हाऊ दे."

मी तिच्या खाटेच्या कडेवर टेकले.

"खरं सांग, तार न्हाई ना?"

"तार नाही. पण पत्रही नाही गं. तीन आठवडे झाले."

तिनं डोळे मिटले. मी घाबरून नाडी धरली.

"तार न्हाई म्हंजी हाय त्यो," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "आता रडू का?"

डॉक्टरांची मनाई होती. मी उठून पडदा ओढून घेतला.