तिला न विचारता

सुरतेच्या दवाखान्यातली नवी डॉक्टरीण सहज बोलून गेली, "मागच्या वेळी तुमच्या बहिणीचं स्त्रीबीज घेतलं होतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. आता कायदा बदललाय. नात्यातली बाई चालत नाही. दात्यांच्या बँकेतूनच घ्यावं लागेल, आणि तुम्हा दोघांची संमती लागेल."

बाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय, असं कामिनीला वाटलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हेमकांतनं मान खाली घातली होती. तेव्हा तिला कळलं, हे आपल्याबद्दलच आहे.

दुसरं मूल हवं म्हणून दोघं सारंगखेड्याहून आली होती. पाच वर्षांची धारा हेमकांतच्या आईजवळ, तापीबाईंजवळ राहिली होती.

परतताना गाडीत हेमकांत बोलला. "तुझीही बीजं काढली होती. एकही टिकलं नाही. सांगितलं असतं तर तू खचली असतीस. अन् धारा वाढली तर तुझ्याच पोटात ना?"

"अजून कोणाला माहीत आहे?"

"आईला. अन् तुझ्या आईलाही."

विसरवाडी आल्यावर कामिनी म्हणाली, "गाडी थांबवा."

हायवेलगत तिच्या धाकट्या बहिणीचं, मयूरीचं घर होतं, पुढे तिच्या नवऱ्याचं, नवनीतचं टायरचं दुकान. ताईचा चेहरा पाहताच मयूरीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"माले काबर नही सांगं?" कामिनीनं विचारलं.

"ताई, तू नही म्हनती."

"मंग म्हनू देती."

मयूरी रडायला लागली. रोज पोटात सुया टोचून घेतल्या, बीजं काढल्यावर पोट फुगलं, श्वास लागला, हे सगळं तुझ्यासाठीच सोसलं, असं ती सांगत राहिली. कामिनीला ते दिवस आठवत होते. पाणी बाधलं असं सांगून मयूरी माहेरी येऊन पडली होती. कामिनीनंच तिचे पाय चेपले होते, तिला मऊ खिचडी भरवली होती. तेव्हा आई दारात उभी राहून दोघींकडे बघत होती. तिला तेव्हाही सगळं माहीत होतं.

पुढून नवनीतनं हाक मारली, "कोण आलंय?"

मयूरीनं ताईचा हात घट्ट धरला. दुकानाकडे बघत ती कुजबुजली, "यास्ले माहीत नही."

कामिनी एक शब्द बोलली असती तर बहिणीचा संसार त्याच क्षणी उघड्यावर आला असता. तो शब्द जिभेवर होताही. तिनं हात सोडवून घेतला. दुकानातून जाताना नवनीतला म्हणाली, "घाईत आहे, भाऊजी. चहा पुन्हा कधी."

घरी धारा धावत येऊन बिलगली. कामिनीनं तिचा चेहरा ओंजळीत घेतला आणि नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, हे शोधू लागली. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं पोरीला छातीशी धरलं. त्या रात्रीच तिनं हेमकांतला बजावलं, "दुसरं मूल नको. अन् धारा मोठी झाली की तिला हे मी सांगणार. तुमच्यापैकी कोणी नाही."

"लोक काय म्हणतील?"

"हे तेव्हा मला विचारायचं होतं."

तापीबाई दोन दिवस तिच्याशी नीट बोलल्या नाहीत. कामिनीनं माहेरी जाणं सोडलं.

राखीच्या सुमारास मयूरीचा फोन आला. कामिनीनं नाव पाहिलं आणि फोन धाराच्या हातात दिला. "मावशी आहे, बोल."

पोरगी शाळेतल्या गमती सांगत खिदळत होती. कामिनी अंगणात जाऊन वाळलेले कपडे काढू लागली.