क्ष दिलेला नव्हता

जयंतराव गेल्यापासून झाशीच्या सीपरी बाजारातल्या त्या दोन खोल्यांत मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. उषाताई भाजीवाल्या भैयाशी हिंदीत घासाघीस करत, वरच्या मजल्यावरच्या बाईंशी हिंदीत हवापाण्याचं बोलत, आणि घरात आल्या की उतू जाणाऱ्या दुधावर मराठीत ओरडत. दूध काही उलट उत्तर देत नसे. मूलबाळ नव्हतं. साताऱ्याला परत जावं, तर तिथेही आता आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. "पुरे झालं रडगाणं," असं त्या स्वतःलाच बजावत, आणि तेही मोठ्यानं, म्हणजे निदान आवाज तरी कानावर पडे.

त्यामुळे ओळखीतली रुपाली आपल्या लेकीला, इराला घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. रुपालीचं सासर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेलं मराठी घर. कुळाचार मराठीत, भांडणं हिंदीत.

"काकू, हिचं आठवीचं बीजगणित एकदम कच्चं आहे जी," रुपाली म्हणाली. "तुम्ही लग्नाआधी शाळेत शिकवायच्या ना? जरा देख लो. मराठी पण कानावर पडेल. समझ लेती है, बस बोलत नाही."

आंधळा मागतो एक डोळा, अशातली गत झाली. रोज चार वाजता इरा यायची आणि उषाताई तीनपासूनच कढईपाशी उभ्या असायच्या.

शिकवण्याची त्यांची पद्धत जुनी, पायरी-पायरीची. एकही पायरी गाळायची नाही.

"आई मुलीपेक्षा सव्वीस वर्षांनी मोठी. पाच वर्षांनी आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल. तर मुलीचं आजचं वय किती? पहिली पायरी. समजा, मुलीचं वय क्ष."

"हाँ आजी, समझी," इरा म्हणायची.

गणित सुरूही झालेलं नसे आणि पोरीला समजलेलं असे. उषाताईंना कोण कौतुक! पुढच्या पायऱ्या त्या घडाघडा सांगत, इरा मान हलवत लिहून घेई. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं," हे तर एकदा तिनं चक्क मराठीत म्हणून दाखवलं. त्या संध्याकाळी उषाताईंना दोन घास जास्त गेले.

दीड महिन्यानं शाळेत चाचणी झाली. वीसपैकी सहा.

"काकू, वाईट नका वाटून घेऊ," रुपाली म्हणाली, "पण एक तारखेपासून हिला इलाइट चौकातल्या कोचिंगला घालते."

"आठवडाभर थांब गं. एकच आठवडा." आवाज इतका काकुळतीचा निघाला, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

रुपाली गेल्यावर त्यांनी उत्तरपत्रिका पाहिली. आयती दिलेली समीकरणं तिन्ही बरोबर होती. शाब्दिक उदाहरणं मात्र कोरीच्या कोरी.

"इरा, ही का सोडलीस? असली तर आपण रोज करतो."

"आजी, उसमें क्ष दिया ही नहीं था."

"म्हणजे?"

"आप तो हमेशा बताती हो न, लड़की का वय क्ष. पेपर में कहीं लिखा ही नहीं था. मैंने दो बार पढ़ा."

"अगं, तो दिलेला नसतोच. आपण धरायचा असतो. मी रोज सांगते ना, समजा..."

"वो तो आप पूछती हो न, समझा?" इरा ओशाळली. "मैं लड़की हूँ, तो आपको 'समझी?' पूछना चाहिए था. पर मैंने सोचा, आपकी हिंदी ऐसी ही है."

उषाताईंना हसू आलं आणि अर्ध्यातच आटलं. त्या म्हणत होत्या 'धरून चल', आणि पोरीला ऐकू येत होतं 'कळलं का?'. बिचारी भिडेपोटी रोज हो म्हणत होती. म्हणजे दीड महिना या घरात त्या एकट्याच मराठी बोलत होत्या. जयंतराव गेले तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान आपण एकट्या आहोत, हे ठाऊक तरी होतं.

आधी मराठी शिकवायचं आणि मग गणित, एवढी सवड कुठे होती? हट्ट धरावा तर पोर जाणार, पोर ठेवावी तर मराठी जाणार. उषाताईंनी वहीचं नवं पान उघडलं.

"सुनो बेटा. लड़की की उम्र मालूम है हमें?"

"नहीं."

"जो मालूम नहीं, उसको एक नाम दे दो. मान लो, x."

"अपने मन से?"

"अपने मन से."

इराची पेन्सिल चालू लागली. आज मुलगी x, आई x + 26. पाच वर्षांनी मुलगी x + 5, आई x + 31. मग x + 31 = 3(x + 5). इथे ती जरा अडखळली, पण कंस सोडवला: 3x + 15. एका बाजूला 16 उरले, दुसऱ्या बाजूला 2x. उत्तर आठ. इरानं आपणहून ताळा केला, पाच वर्षांनी मुलगी तेरा आणि आई एकोणचाळीस.

"तेरह तिया उनतालीस! आ गया आजी!"

आठवडा संपला आणि कोचिंगचं नाव निघेनासं झालं. इरा येत राहिली. गणित झाल्यावरही आता ती उठत नसे. मैत्रिणी, शाळेतल्या मॅडम, आईचा ओरडा, सगळं हिंदीत सांगत बसे, आणि उषाताई हिंदीत हसत.

एक दिवस चपला घालता घालता ती म्हणाली, "आजी, आपकी हिंदी तो कितनी अच्छी है! पहले क्यों नहीं बोलती थीं? अब हमेशा ऐसे ही बोलना, ठीक?"

'हो गं' म्हणायला उषाताईंनी तोंड उघडलं, आणि निघालं ते, "हाँ बेटा."