भेदर भेटले

सगळ्यात आधी सांगून टाकते: ‘काटेरी चौकी’इतकी भारी कार्टून मालिका दुसरी नाही, आणि यावर मी जेवण सोडून भांडायला तयार आहे. जंगलातलं पोलीस ठाणं. ठाणेदार ढेरे म्हणजे अस्वल, खुर्चीत मावतच नाही. हवालदार काटे म्हणजे सायाळ. तो रागावला की काटे उभे राहतात आणि समोरच्या फायली त्यात टोचून बसतात. आणि या काटेचा तो घोगरा आवाज एका बाईंचा आहे! रुखमाताईंचा. हे कळलं त्या दिवशी मी वर्गात कोणाला दुसरं काही बोलूच दिलं नाही.

आमचा चाहत्यांचा ग्रुप आहे. ॲडमिन पुण्याचा पियुष. ढेरेच्या भिंतीवरचं घड्याळ कोणत्या भागापासून उलटं चालतं, चौकीतली मांजर कोणत्या भागात दोन शेपट्यांची दिसली, सगळं त्याला पाठ. पण ग्रुपचं मोठं कोडं एकच होतं. भेदर कोण?

कारण प्रत्येक भागाच्या शेवटी चोर सापडतो, ढेरे ढेकर देतो, आणि काटे हातातला डबा उघडून पाहतो, उसासा टाकतो: “सारं भेटलं, पण भेदर काही भेटले नाई.”

मग ‘बाजाराचा दिवस’ या भागाची जाहिरात आली. त्यात काटे उड्या मारत ओरडत होता, “भेदर भेटले!” आम्ही श्वास धरून बसलो, आणि चॅनलनं ऐन वेळी जुनाच भाग लावला. तो नवा भाग पुन्हा कधी दिसलाच नाही. का नाही? कोणी सांगेना.

पियुषची थिअरी जबरदस्त होती. काटे ‘भेटला’ म्हणत नाही, ‘भेटले’ म्हणतो, म्हणजे आदरार्थी. म्हणजे भेदर कोणी बडा माणूस. ज्याच्या नावानं अख्खं जंगल भेदरतं तो भेदर! डब्यात त्याच्याविरुद्धचे पुरावे. इतका भयानक की चॅनलनं लहान मुलांसाठी भागच मागे घेतला. मी त्याखाली टाळ्यांच्या तीन ओळी टाकल्या होत्या.

आणि मग घोषणा झाली. रविवारी सकाळी रुखमाताई चाहत्यांशी लाइव्ह बोलणार, चॅनलची माणसंही ऐकणार. तो भाग का दाखवावा हे आम्ही पटवायचं. पटलं नाही, तर भाग कायमचा कपाटात.

शनिवारी माझी मैत्रीण रिना आमच्याकडे आली होती. आम्ही सावली गावच्या, दोघी दहावीत. पियुष काय काय बोलणार ते वाचत बसलो होतो, तेवढ्यात चुलीजवळून आईनं हाक मारली.

“मयुरी, बाडीतून चार भेदर तोडून आण वं. आज बाजारात भेदर काही भेटले नाई.”

रिनानं माझ्याकडे पाहिलं. मी रिनाकडे.

“आई, काय म्हणलं तू?”

“भेदर! टमाटर! कानात बोळे घातले का पोट्ट्या हो?”

रिना खाटेवरून खालीच घसरली. “अवं, त्या हवालदाराच्या भाजीत टमाटर नाई! म्हणून रडून राह्यला तो!”

“पुरावे कशाचे, डब्यात वांग्याची भाजी आहे!”

“आन पियुष म्हणते, बडा माणूस!”

हसून हसून पोट दुखलं. पण मग लक्षात आलं: हा शब्द मी जन्मापासून ऐकतेय. तोडलाय, धुतलाय, चटणीत वाटलाय. तरी टीव्हीत ऐकून ओळखला नाही! कारण आपल्या चुलीजवळचा शब्द टीव्हीत असेल हे डोक्यातच येत नाही. बाहेर आपण टमाटर म्हणतो, शाळेत टोमॅटो लिहितो. भेदर घरीच राहतात.

“तू सांग उद्या,” रिना म्हणाली.

“मी?”

“मंग का मी?”

मी का कचरतेय, त्याचं खरं कारण तिला माहीत होतं. ग्रुपमध्ये नवीन असताना मी एकदा ‘मले वाटते’ लिहिलं होतं. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. तेव्हापासून मी तिथे पुस्तकासारखी लिहिते. आणि आता अख्ख्या महाराष्ट्रासमोर माईक सुरू करून भेदर म्हणायचं?

“लिहून टाकू?”

“लिहलं तर पियुष म्हणन, स्रोत द्या.”

“स्रोत भेदर मागून राह्यला ना चुलीजवळ,” मी म्हणाले, आणि परसातल्या बाडीत भेदर तोडायला पळाले.

रविवारी पियुष मस्त बोलला, खोटं कशाला सांगू. शेवटी म्हणाला, “आम्हाला भेदरसाहेबांना एकदा तरी पाहायचंय.”

रुखमाताई आधी हसल्या, मग त्यांचा आवाज उतरला. “बाळा, कल्पना छान आहे. पण तुलाही कळलं नाही ना? चॅनलनं तो भाग काही मुलांना दाखवला होता. एकही हसलं नाही. म्हणून थांबवला. यांचं म्हणणं, हा शब्द कोणाला कळतच नाही.” मग त्यांनी विचारलं, “आहे का कोणी, ज्याला कळतो?”

रिनानं मला असा चिमटा काढला की माझा माईक सुरूच झाला.

“ताई, मी मयुरी, सावलीवरून. भेदर म्हणजे टमाटर. आन भेटले म्हणजे मिळाले. काटेले भाजीत टाकाले टमाटर मिळत नाई जी! आमच्या घरी काल हेच झालं.”

मग फोनमधून तो आवाज आला. रुखमाताईंचा नाही, खुद्द हवालदार काटेचा!

“काऊन वं मयुरी? एवढे दिवस कुठी होती?”

मी किंचाळले. खरंच किंचाळले.

रुखमाताई सांगत होत्या की संवादाच्या कागदावर ‘टोमॅटो’ लिहिलेलं होतं. पण त्यांची माय आमच्या शेजारच्या मूल गावची. माईकसमोर उभं राहिल्यावर तोंडातून भेदरच निघालं, आणि नंतर कोणी बदला म्हटलं तरी त्या बदलेनात. एक शब्द टिकवायला बाई एवढी अडून बसली! मला तर वाटलं आत्ता फोनच्या पाया पडावं.

चॅनलच्या मॅडमनी विचारलं, “पण मयुरी, तुमच्या भागाबाहेरच्या मुलांना हसू येईल?”

“येईन ना जी. ज्याले नाई समजलं त्याले मी सांगीन.”

“आणि मी,” पियुष म्हणाला. “माझा खलनायक चटणीत गेलाय. आता त्याहून मोठा विनोद कुठला?”

पुढच्या रविवारी तो भाग लागला. रिना आली. आई लसूण सोलत बसली, टीव्हीकडे पाठ करून, नेहमीसारखी. शेवटी बाजारात भेदरांची गाडी उलटली, काटे आनंदानं त्यात लोळला, आणि उठला तर प्रत्येक काट्यावर एकेक लाल भेदर! “भेदर भेटले!” तो ओरडला.

आई वळली. लसूण तसाच हातात.

“अरे मेल्या,” ती म्हणाली, “एवढे सारे भेदर भोकसून ठेवले का रे!”

आणि हसायला लागली, ती थांबेचना. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, तुमच्याकडे कोणी हसलं का? मी पुस्तकासारखं काही लिहिलं नाही. लिहिलं, ‘माह्या आईले आयका,’ आणि माईकचं बटण दाबून फोन तिच्याकडे धरला.