रिकामा डबा

माझी लेक मनवा झोपली की माझं ऑफिस उघडतं आणि ती जागी झाली की बंद होतं. ऑफिसचं नाव ‘माहेरपत्ता’. परदेशातल्या मुलींना इथल्या साइटवरून काही मागवायचं, तर अर्धे दुकानदार तिकडे पाठवतच नाहीत, आणि जे पाठवतात ते प्रत्येक वस्तूचं वेगळं भाडं लावतात. म्हणून त्यांनी काळाचौकीतल्या आमच्या घराचा पत्ता द्यायचा. सगळं जमा झालं की मी एकाच खोक्यात भरून पुढे धाडणार. पुष्कर, माझा नवरा, म्हणाला होता की आधीच दीड खोली, त्यात आता गोदाम. सासूबाईंनी मात्र पलंगाखालचे पापडांचे डबे हलवून जागा करून दिली.

पहिलं गिऱ्हाईक अपेक्षा. मूळची घोडपदेवची, आता रॉटरडॅमला, सातवा महिना. मैत्रिणी तिचं डोहाळजेवण करणार होत्या. तिने हिरवी साडी मागवली, कापडी फुलांची वाडी मागवली, आणि स्वतःचं नाव घातलेला कडीचा डबा, तिच्या आईकडे होता तसा. आई आता नाही, हे तिने जाता जाता सांगितलं होतं. खोकं वेळेत पोचलं तर तिच्या ग्रुपमधल्या बाकीच्याही मागवणार होत्या. नाही पोचलं तर दुकान धड उघडण्याआधीच शटर खाली.

खोकं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परळच्या कुरिअर ऑफिसातून फोन आला. कागदावर रिकामा डबा लिहिलाय, मशीनमध्ये आत काहीतरी दिसतंय. आज येऊन खुलासा केला नाही तर आजचं विमान चुकणार. म्हणजे डोहाळजेवणही.

सासूबाई मनवाला मऊ भात भरवत होत्या, जरा जास्तच मन लावून.

“आई, डब्यात काय घातलंत?”

“साखर. मूठभरच.”

“का पण?”

“का म्हणजे? लेकीकडे रिकामा डबा पाठवतात होय?”

मनवाला कडेवर घेऊन आम्ही टॅक्सीत बसलो. कागदावर लिहिलेलं आणि खोक्यातलं एक नसलं की कस्टमवाले अडवतात, हे मी लालबागपासून परळपर्यंत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारणीची वाटीसुद्धा आपण कधी रिकामी परत केली नाही, एवढंच म्हणाल्या.

काउंटरवर हितेंद्र नावाचा माणूस होता. त्याने डबा उघडला, साखर पाहिली, मग सासूबाईंकडे पाहिलं. त्याला बहुधा स्वतःची आई आठवली, कारण तो ओरडला नाही. खाण्याच्या वस्तूचे कागद वेगळे, ते आज व्हायचे नाहीत, ही काढा, म्हणाला. सासूबाईंनी साखर रुमालात बांधली, पदराने डबा लख्ख पुसला. मी झाकण लावायला गेले तर माझा हात धरला.

“थांब.”

मनवाच्या पिशवीत हात घालून त्यांनी टोपडं काढलं. त्यांच्याच जुन्या साडीतून शिवलेलं. मनवाला ते कधीचं लहान झालं होतं, पण मी ते पिशवीतून काढत नव्हते.

“पहिल्यांदा बाळाला दुसऱ्या बाळाचं जुनं घालतात,” त्या म्हणाल्या. “नवं टोचतं. तिला तिथे कोण देणारे?”

मी टोपडं हातात घेतलं. अजून त्याला वेखंडाचा वास होता. क्षणभर वाटलं, साखरच बरी होती. मग घडी करून डब्यात ठेवलं.

हितेंद्र नवा कागद टाइप करायला लागला. “बाळाची टोपी, वापरलेली, एक. किंमत?”

“तिची कसली किंमत,” सासूबाई म्हणाल्या.

“मावशी, सिस्टिम शून्य घेत नाही.”

“मग सव्वा रुपया लिहा.”

त्याने लिहिला.

डोहाळजेवणाचा फोटो आला. हिरव्या साडीतली अपेक्षा, मांडीवर डबा, पोटावर टोपडं. त्याच आठवड्यात तिच्या ग्रुपमधून तिघींची मागणी आली. तिघींना कडीचा डबा हवा होता, आणि ‘विशेष सूचना’ या रकान्यात एकीने लिहिलं होतं: रिकामा नको.

सासूबाई सध्या मनवाचं कपाट उपसतायत.