आमच्या पुलाचं कोपर

“मॅडम, हा पूल बांधला तेव्हा तुमच्या खात्यातलं नेमकं कोण झोपलं होतं?”

प्रश्न माझा नव्हता, टाचणीचा होता. टाचणी आणि भोंगा या माझ्या जिवलग मैत्रिणी. नगरपालिकेच्या सभेला जाताना दोघींनी पैज लावली की हे माइकवरून विचारलंस तर परीक्षेपर्यंत तुझं दप्तर आम्ही वाहू. मागच्या वर्षीची मी असते तर माइक बघूनच मला ताप भरला असता. पण यंदा शाळेच्या नाटकात मी राक्षस झाले आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलाला रडत बाहेर न्यावं लागलं. तेव्हापासून मी कुणाच्या बापाला भीत नाही. माझ्यासुद्धा.

सभागृहात हशा पिकला. माझ्या बापाने मात्र कपाळावर हात मारला.

आता पुलाचं सांगते. आमच्या गावाच्या मधून नदी जाते, नदीवर एकच पूल आहे आणि त्या पुलाला मधोमध कोपर आहे. बाजाराच्या काठावरून तो शहाण्यासारखा सरळ निघतो, निम्म्यावर आल्यावर घरी काहीतरी विसरल्यासारखा डावीकडे वळतो आणि मग कसाबसा स्टेशनच्या काठाला टेकतो. नवखा गाडीवाला आला की पुलाचा कठडा त्याला हमखास भेटतो.

त्या कठड्यावर आमचं घर चालतं. स्टेशनकडे पूल उतरला की पहिलंच गॅरेज बाबांचं. पाटीवर लिहिलंय, ‘सर्व गाड्यांचे पोचे काढून मिळतील’. उजवं मडगार्ड चेपलं असेल तर गाडी बाजाराकडून आली, डावं असेल तर स्टेशनकडून. बाबांना काही विचारावं लागत नाही. आई हाडांच्या डॉक्टरांकडे नर्स आहे. म्हणजे गाडी आपटली की गाडी बाबांकडे जाते आणि माणूस आईकडे. रात्री जेवताना दोघं एकाच अपघाताबद्दल बोलत असतात आणि त्यांना ते पोळी वाढेपर्यंत कळतही नाही.

पूल वाकडा का, यावर गावात जितकी डोकी तितक्या कथा. निवृत्त इतिहासाचे सर सांगतात, दोन कंत्राटदार होते, नात्याने साडू, आणि त्यांची बोलचाल बंद होती. एकाने या काठावरून सुरुवात केली, दुसऱ्याने त्या. मध्यावर आल्यावर दिसलं की आपण एकमेकांच्या शेजारून चाललोय. शिंपीकाका म्हणतात, छे! इंजिनीअरचं एका मुलीवर प्रेम होतं, तिच्या खिडकीखालून पूल जावा म्हणून त्याने तो वळवला. आणि तिने? तिने खिडकी लावून घेतली. केस कापणारे अण्णा तर शपथेवर सांगतात की पूल सरळच आहे, गाव सरकलंय. बाबांचं मत एवढंच, “माप चुकलं असेल.” ही कथा कुणालाच आवडत नाही.

गाव आमचं मधल्या मापाचं. खेडं म्हणावं तर दोन सिनेमा थिएटरं आहेत, शहर म्हणावं तर दोन्हींत एकच सिनेमा लागतो. इथला प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी म्हणतो, “या गावात काय राम राहिला नाही.” मी आणि टाचणी तर दोनदा म्हणतो. आणि गावाच्या नालायकपणाचा पुरावा म्हणून सगळे बोट दाखवतात ते पुलाकडे.

तर सभागृहात हशा पिकला. इंजिनीअर मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या बाहेरगावच्या. चष्मा वर ढकलून त्या म्हणाल्या, “कोण ते मला माहीत नाही. पण कुणीतरी झोपलं होतं, हे खरंय. इतका बावळट पूल मी आजवर पाहिला नाही.”

झालं. आत्ता पोट धरून हसणारी तीच माणसं अशी ताठ बसली, जसं काही मॅडमनी त्यांच्या घरातल्या कुणाला बावळट म्हटलं.

मॅडमच्या मागे भिंतीवर नकाशा होता. कोपर तोडून पूल सरळ करायचा होता. नव्या पुलाची लाल रेघ जिथे टेकत होती, तिथे आमचं गॅरेज होतं. गावाची हरकत आहे का, हे विचारायला सभा होती. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती.

इतिहासाचे सर उठले. “बावळट? अहो बाई, त्या पुलाला इतिहास आहे!”

“तीन आहेत,” भोंगा माझ्या कानात म्हणाली. तिला भोंगा म्हणतात ते उगीच नाही. सगळ्या रांगेने वळून पाहिलं.

“कोपर गेलं तर पत्ता कसा सांगायचा आम्ही?” किराणावाले ओरडले. “कोपराच्या अलीकडे, कोपराच्या पलीकडे. दुसरं आहे काय गावात?”

“आमचा जावई त्या कठड्यावरच आपटला होता,” शिंपीकाकू म्हणाल्या. “हात मोडला म्हणून घरी आणला, तो कायमचाच आला. तो पूल सरळ असता तर माझी पोरगी अजून बिनलग्नाची असती.”

“जावई काय म्हणतोय ते विचारा एकदा,” मागून कुणीतरी.

“वाकडा असला तरी आमचा आहे!” अण्णांनी आरोळी ठोकली आणि टाळ्या पडल्या. खरं सांगते, मीही वाजवल्या. मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. टेबलावर त्यांनी एक गठ्ठा आपटला. पूल सरळ करा म्हणून गेल्या कित्येक वर्षांत याच लोकांनी केलेले अर्ज होते ते.

“ते आमचं आम्हाला म्हणायचं होतं,” अण्णा म्हणाले. “तुम्ही कशाला मनावर घेतलंत?”

मग सगळ्यांना एकदम बाबा आठवले. “गॅरेजवाले, तुम्ही बोला. तुमचं तर पोट आहे त्याच्यावर!”

बाबा उठले. बाबांना बोलायची सवय नाही. दिवसभर हातोडीच्या आवाजात असल्यामुळे ते एक तर ओरडतात, नाही तर गप्प बसतात. ते ओरडले.

“सरळ करा!”

कुणाला कळेना, कुणाला म्हणतायत.

“पत्र्याचं काही नाही,” बाबा म्हणाले. “पत्रा ठोकला, खळग्यात लांबी भरली, घासला, रंग मारला, की नवा. पण हिच्याकडे येतात त्यांना,” त्यांनी आईकडे हात केला, “रंग मारता येत नाही. मागच्या महिन्यात ते दूधवाल्याचं पोर आलं. सायकल तासाभरात सरळ केली मी. त्याचा पाय अजून वाकडाच आहे. सरळ करा. गोष्टी काय, पूल नसला तरी सांगता येतात.”

“स्वतःच्या पोटावर पाय देतोय हा,” किराणावाले म्हणाले.

“पाय कसला देतोय! शहरात मेहुण्याचं गाड्यांचं शोरूम आहे, तिकडे जायचंय त्याला. निमित्तच हवं होतं,” अण्णा म्हणाले.

बाबा लाल झाले. आणि आई, माझी आई, जी पालकसभेलाही शेवटच्या बाकावर बसते, तिने हात वर केला. “मी हरकत नाही म्हणतेय. मोजा.”

मग दूधवाल्याचा हात आला. मग ज्यांच्या ज्यांच्या हाडाला आईने प्लास्टर घातलं होतं, त्यांचे हात एकेक करत वर आले. जावयाने तर दोन्ही हात वर केले. शिंपीकाकूंनी त्यातला एक खाली ओढला.

पूल मंजूर झाला. गॅरेज जाणार हेही. नगरपालिका बसस्थानकामागे दुसरी जागा देणार होती, सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. पण अण्णांनी म्हटलेलं खोटं नव्हतं. मामाचा फोन आलाच. “भाऊजी, आता कशाला त्या गावात सडताय? इकडे या. ताईलाही मोठं हॉस्पिटल मिळेल. पोरीचं कॉलेज आहेच.”

आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी हवेत होते. मोठं शहर! एकाच वेळी वेगवेगळे सिनेमे! टाचणीने माझ्याशी अबोला धरला, म्हणजे दर अर्ध्या तासाने ती मला सांगायची की मी तुझ्याशी बोलत नाहीये. आई-बाबा मात्र एकमेकांना पुनःपुन्हा समजावत होते.

“पोरीसाठी जायला हवं,” बाबा म्हणायचे.

“पोरीसाठी तर जायलाच हवं,” आई म्हणायची. आणि दोघं मग बराच वेळ भांडी जागेवर लावत बसायचे, आधीच जागेवर असलेली.

शनिवारी आम्ही जागा बघायला मामाकडे गेलो. बाबांनी स्वतः जोडलेल्या गाडीतून. तिचं बोनेट, दारं आणि डिकी आपापसात रंगाबाबत सहमत नाहीत. शोरूम काचेचं होतं, फरशी आमच्या ताटांपेक्षा स्वच्छ. मामाने बाबांना एक गाडी दाखवली. दारावर पोचा होता, तळहाताएवढा. बाबांची बोटं आपोआप त्यावर फिरली.

“हातोडी कुठे ठेवता?” बाबांनी विचारलं.

मामा हसला. “भाऊजी, इथे ठोकत नाहीत. दार काढायचं, नवं बसवायचं.”

“आणि हे?”

“फेकायचं.”

बाबांनी त्या दाराकडे असं पाहिलं जसं आई एखाद्या पाय मोडलेल्याकडे बघते.

जेवताना मामा रंगात आला. “काय ते गाव, भाऊजी! कंत्राटदारांना साधा एक पूल धड जमला नाही. झोपून बांधला असणार.”

“साडू होते ते,” बाबा म्हणाले. “झोपले नव्हते, बोलत नव्हते.”

मी घास तसाच धरून बाबांकडे बघत राहिले. माप चुकलंवाले बाबा!

“आणि इंजिनीअरचं प्रेम होतं एका मुलीवर,” आई म्हणाली. “सगळंच काय मापाने करायचं असतं?”

मामी म्हणाली, “पण तुम्हीच तर म्हणता ना, त्या गावात काही राम नाही?”

“आम्ही म्हणतो,” आई म्हणाली आणि भाताचं भांडं असं ठेवलं की विषय संपला.

मग परत निघालो. अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो. बाबांनी कप बोनेटवर ठेवला, आईने उचलला, फुंकलं, परत ठेवला.

“शोरूम चांगलं आहे,” बाबा म्हणाले. तोंड असं, जसं दात काढायच्या खुर्चीत बसलेत.

“हॉस्पिटलही मोठं असेल,” आई म्हणाली. “पोरीसाठी...”

“हो, पोरीसाठी,” बाबा म्हणाले.

तेव्हा मला दिसलं की हे दोघं खरंच जातील. माझं नाव पुढे करून जातील, तिथे एक जण दिवसभर नवी दारं बसवेल, दुसरीला वॉर्डात कुणी ओळखणार नाही, आणि संध्याकाळी दोघं मला विचारतील, मजा येतेय ना गं तुला? आणि मला मजा येत असेल, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. कारण मला जायचं होतं. शोरूमची काच बघूनही जायचं होतं, मामाचा राग आला तरी जायचं होतं.

मी चहाचा कप खाली ठेवला.

“एक मिनिट, दोघं इकडे बघा. शाळा संपली की मी कॉलेजला मामाकडे राहायला जाणार. एकटी. मला जायचंय, तुम्हाला जायचं नाहीये, आणि आपण तिघांनी एकच उत्तर द्यायचं असं कुणी सांगितलेलं नाही. बाबा, सोमवारी तुम्ही नगरपालिकेत जाऊन बसस्थानकामागची जागा घेताय. आई, तू दवाखाना सोडत नाहीयेस. हे मी विचारत नाहीये, सांगतेय.”