दोन्ही अगदी सारखे

विल्फने गॅरेजात गाडी बांधायला घेतली तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "ही दोन वर्षांत रस्त्यावर आली ना, तर नाव बदलेन माझं." गाडीला अकरा वर्षं लागली. मी अजून एडनाच आहे.

सुटे भाग खोक्यांतून येत राहिले. सांगाडा एका कंपनीचा, इंजिन मोडीत निघालेल्या जुन्या गाडीचं, आणि खुर्च्यांची कातडी मी शिवलेली, बोटं भोसकून घेत. माझं कपडे धुवायचं मशीनही त्याच गॅरेजात कोपऱ्यात, त्यामुळे या अकरा वर्षांत मला नको तितकं मोटारज्ञान मिळालं. त्या इंजिनाला दोन कार्बोरेटर होते, एकेक दोन-दोन सिलिंडरांना पेट्रोल पाजणारा. दोघांनी हवा सारखीच ओढली पाहिजे. इतर लोक त्यासाठी काट्याचं मापयंत्र वापरतात. विल्फ हातभर रबरी नळी वापरायचा. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आधी या तोंडाचा फुसकारा ऐकायचा, मग त्या तोंडाचा, मग स्क्रू केसभर फिरवायचा. एके काळी खोऱ्यातल्या सगळ्या गाड्या आमच्या दारात यायच्या. "मापयंत्र राहू दे, विल्फचा कान आण," असं म्हणायचे लोक.

"एक बाजू उपाशी राहिली की काय होतं, ठाऊक आहे?" तो मला शंभरदा सांगायचा. "चढावर पिस्टन तापतो. आधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आला की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. नाही काढला तर पिस्टनला भोक, इंजिन खलास."

"आणि माझं मशीन कपडे फाडतं त्याचं काय?"

"ते मशीन नाही, एडना, तू त्यात फार कोंबतेस."

आम्ही दोघंही कापडगिरणीतले. विल्फ पंधराव्या वर्षी साचेखात्यात लागला, मी सोळाव्या. कापड विणणारे तीनशे साचे एका वेळी धडाडत असताना कोण कुणाचं ऐकणार? म्हणून आमच्याकडची माणसं ओठांनी बोलायची. आवाज नाही, नुसतं तोंड भलंमोठं करून शब्द घडवायचे, समोरच्याने ते वाचायचे. त्याने मला लग्नाचं विचारलं तेसुद्धा सहा साच्यांपलीकडून. मी तुटलेला धागा जोडत होते, म्हणून माझ्याआधी शेजारच्या साच्यावरच्या मेबलने वाचलं, आणि मान वर करते तर सगळं खातं माझ्याकडे बघून हसतंय. आमची शीला पोटात होती तेव्हा मी गिरणी सोडली. विल्फ चौतीस वर्षं राहिला, गिरणीला टाळं लागेपर्यंत. पण घरातही आमचं बोलणं तसंच राहिलं. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला, ओठांनी. शीला चिडायची, "घरात दोन मासे पाळलेत मी."

हे सगळं सांगायचं कारण तो शनिवार.

दुसऱ्या दिवशी माळावरच्या पबपाशी हौशी मोटारवाल्यांच्या क्लबच्या गाड्या जमणार होत्या. तिथे सगळे बॉनेट उघडून उभे राहतात आणि एकमेकांची इंजिनं ऐकतात. आमची गाडी पहिल्यांदाच जाणार होती. विल्फ सकाळपासून नळी कानात घालून वाकलेला. मी मशीनमधल्या चादरी काढत होते. इंजिन चालू होतं, आणि मला ते अडखळल्यासारखं वाटत होतं. पण मी कोण सांगणारी?

"झालं!" तो ताठ झाला. चेहरा असा उजळलेला, की मला सहा साच्यांपलीकडचा पोरगा आठवला. "ये, ऐक. दोन्ही अगदी सारखे."

मी नळी कानाला लावली. पहिल्या तोंडातून उकळी फुटलेल्या किटलीसारखा फुसकारा आला. दुसऱ्याशी नेली, तर दाराच्या फटीतून वारा येतो तेवढंच. पुन्हा पहिला ऐकला, पुन्हा दुसरा. यात चूक व्हायला माणूस ठार बहिराच हवा, असं मनात आलं, आणि मी ते गमतीनं म्हणत होते.

त्याने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाठ करून हात पुसायला लागला.

"विल्फ, दुसरा कमी ओढतोय," मी म्हटलं.

तो हात पुसत राहिला.

"विल्फ."

गॅरेजात चिमणी बोलली असती तरी कळलं असतं, इतकं शांत होतं. "विल्फ!" मी ओरडले. तो फडक्याची घडी करत होता. वळला, मला पाहिलं आणि हसला. "काय गं? काही म्हणालीस?"

टेलिफोन नेहमी मी घेते. दाराची घंटा मी ऐकते. नातवंडांबद्दल तो म्हणतो, "आजकालची पोरं तोंडच उघडत नाहीत." आणि मी मान डोलावत आले, खरंच आहे म्हणून! किती वर्षं झाली असतील? आम्ही ओठांनी बोलत राहिलो आणि त्याचे कान माझ्या डोळ्यांदेखत गेले. मला पत्ताच नाही. त्यालाही नसावा. इंजिन तो तळहाताने ऐकत असणार, बॉनेटवर हात ठेवून. नळीतून मात्र त्याला इकडूनही काही येत नव्हतं, तिकडूनही काही येत नव्हतं. म्हणून दोन्ही सारखे.

"मग? सारखे ना?" त्याने विचारलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. नेहमीच बघतो. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं, याला आपलं तोंड आवडतं.

"सारखेच," मी म्हटलं. आवाज न काढता, ओठांनी.

मी स्वतःला किती शिव्या दिल्या ते विचारू नका. पण मनाची समजूत घातली. पबपाशी क्लबातला आर्थर येणार. त्याच्याकडे ते काट्याचं यंत्र आहे. त्याला बाजूला घेऊन हळूच सांगेन, तो गप्पा मारता मारता बसवून देईल. सहाच मैलांचा प्रश्न आहे. सहा मैल कसंही निभेल.

रविवारी ऊन होतं. गाडीला छप्पर नाही, दरवाजे नाहीत. मी डोक्याला रुमाल बांधला, मांडीवर खाण्याचा डबा आणि चहाचा थर्मास. शेजारची हॅरिएट फाटकाशी येऊन म्हणाली, "एडना, परत येताना चालत आलात तर किटली ठेवते हो!" विल्फने तिला ऐटीत हॉर्न वाजवून दाखवला.

गाव संपलं, चढ लागला. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला उतार थेट ओढ्यापर्यंत. पहिल्याच वळणावर आवाज आला. डब्यात खडे.

"विल्फ, पाय काढ!"

तो पुढे बघत होता. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेलं, चेहऱ्यावर हसू.

मी त्याचा दंड धरून ओढला. त्याने माझ्या हातावर थोपटलं. "घाबरू नकोस," तो ओरडला, "बघ कशी चढतेय!" आणि पाय आणखी दाबला. खडे जोरात वाजायला लागले. मी तोंड एवढं मोठं करून शब्द घडवत होते, पण त्याने ते वाचायचे तर माझ्याकडे वळायला हवं, आणि तो वळला तर पुढच्या वळणावर गाडी थेट ओढ्यात. त्याने बघावं असंही वाटेना आणि न बघावं असंही. किल्ली त्याच्या पलीकडे. हँडब्रेकवर हात ठेवला आणि वळण बघून उचलला. शेवटी मी डबा घट्ट धरून बसून राहिले. अकरा वर्षं माझ्या पायांशी फुटत होती आणि ती ऐकणारी मी एकटीच होते.

धाडकन काहीतरी झालं. मागे निळा धूर पसरला आणि गाडी बांधाला लागून थांबली. पब वर दिसत होता, अर्ध्या मैलावर. रंगीत बॉनेटही दिसत होते.

विल्फने आमचं बॉनेट उघडलं. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "आधी खडे वाजले?"

मी मान डोलावली.

"कुठून?"

"पहिल्या वळणापासून."

"मला कसे नाही..." तो थांबला. मग म्हणाला, "काल? नळीतून काय ऐकलंस काल?"

मी काहीच बोलले नाही. मिटलेले ओठही त्याला वाचता येतात, हे विसरले होते.

त्याने कोटाच्या खिशातून नळी काढली. एक टोक कानात खुपसलं, दुसरं माझ्या हातात दिलं, आणि माझ्याकडे पाठ करून बांधाकडे तोंड केलं. "यातून बोल," तो म्हणाला. "मी बघणार नाही. काहीही बोल."

मी नळी ओठांशी नेली. "विल्फ," मी म्हटलं, "मी काल खोटं बोलले. दुसरा ओढत नव्हता. आणि तुला ऐकू येत नाही, राजा, कधीपासून ते मलाही ठाऊक नाही."

बांधापलीकडच्या मेंढीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी बाजूने वाकून पाहिलं, विल्फने डोळे मिटले होते. नळी कानात आणखी आत दाबून तो ताटकळत उभा होता.

"बोल ना, एडना," तो म्हणाला. "मी ऐकतोय."