अर्धी रिकामी फेरी

बस डेपोत सदतीस वर्षं वेळापत्रकं लिहिणाऱ्या माणसाला लोक मिनिटराव म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. एखाद्याने 'तासराव' म्हटलं असतं तर मात्र त्यांनी मनाला लावून घेतलं असतं.

निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या घरात लक्ष घालतात. मिनिटरावांना दोन्हीची हौस नव्हती. त्यांच्या वाट्याला बायकोचं दुखणं आलं. एका सकाळी कपडे वाळत घालताना तिच्या कानशिलात कळ आली आणि डाव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना सूज आहे, स्टेरॉइड आजच्या आज सुरू केलं नाही तर डोळा जाईल. सुरू केलं. डोळा राहिला. बाकीचं हळूहळू जायला लागलं. झोप गेली, गुडघ्यांतला जोर गेला, चेहरा मात्र वाढून ताटाएवढा झाला. आरशात बघून ती म्हणाली, "सासूबाई जन्मभर म्हणत राहिल्या, सून अंगाने भरत नाही. चार वर्षं अजून थांबल्या असत्या तर."

गोळी मोठी होती, चाळीस मिलिग्रॅमची, आणि बराच काळ चालणार होती. म्हणून तिसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी लशींचा विषय काढला. या गोळ्यांनी अंगातली पहाऱ्याची माणसं पेंगतात, साधा ताप-खोकलासुद्धा छातीत उतरू शकतो, असं त्यांनी समजावलं. मग बोटांवर मोजून सांगितलं. फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस, या दोन्ही मेलेल्या जंतूंच्या. त्या आज घेतल्या तरी चालतील, आजच घेतलेल्या बऱ्या. तिसरी नागिणीची. इथे मिळते ती जिवंत जंतूंची, ती या डोसवर अजिबात द्यायची नाही. गोळी पुरेशी उतरली, त्यावर महिना गेला, की मगच तिचं बघू.

मिनिटरावांनी खिशातली वही काढून हे सगळं लिहून घेतलं. आणि एक प्रश्न विचारला. या गोळ्या चालू असताना लस पूर्ण काम करते का?

डॉक्टरीणबाई खरं बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, पूर्ण नाही करत. थोडी कमी लागू पडते. पण पडते.

त्यांचं शेवटचं वाक्य मिनिटरावांच्या वहीत आलं नाही, कारण तोवर ते वेळापत्रकाला लागले होते.

त्याचं असं आहे, की डेपोत एक शहाणपणाचा नियम होता आणि तो मिनिटरावांनीच घालून दिला होता. गाडी अर्धी रिकामी धावणार असेल तर ती फेरी रद्द करायची आणि प्रवासी पुढच्या फेरीत मिळवायचे. या एका नियमाने डेपोचं एवढं डिझेल वाचलं होतं, की निवृत्तीच्या समारंभात त्यांना घड्याळ मिळालं होतं. आता लस अर्धवट लागणार, म्हणजे गाडी अर्धी रिकामी. तीन लशी तीनदा टोचायच्या, म्हणजे तीन फेऱ्या, तीनदा रिक्षा, तीनदा जिना. आणि बायकोला सुईची धास्ती. त्यापेक्षा दर महिन्याला गोळी पाचाने कमी होत जाणार, ती दहावर आली की महिनाभर थांबून तिन्ही लशी एका दमात. गाडी भरलेली, फेरी एक. त्यांनी रेघा मारून तक्ता केला आणि जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर लावला. तक्ता देखणा होता. त्यात चूक काढायला फक्त डॉक्टर हवा होता, आणि डॉक्टरला त्यांनी तो दाखवला नाही. पुढच्या भेटीत बाईंनी लशींचं विचारलं तेव्हा ते "ठरलंय सगळं" म्हणाले. बाहेर चाळीस पेशंट बसले होते. बाईंना ते उत्तर पुरलं.

दुखण्याने मात्र तक्ता वाचला नव्हता. गोळी तीसवर आली की डोळ्यापुढचा पडदा हलायला लागायचा, पुन्हा चाळीस. पंचविसापर्यंत एकदा नेटाने उतरली, तर कानशील ठणकलं, पुन्हा पस्तीस. दर वेळी मिनिटराव जुना तक्ता काढून नवा लावत. वर लिहीत, 'सुधारित'. पाचव्या तक्त्यापर्यंत आठ महिने गेले होते आणि लशींचा रकाना भिंतीवरून खाली सरकत जेवणाच्या टेबलाला टेकायच्या बेतात आला होता.

बायकोचा धाकटा भाऊ औषधांच्या दुकानात कामाला होता. तो आठवड्यातून दोनदा बहिणीच्या गोळ्या घेऊन यायचा आणि भिंतीकडे बघून तोंडात आलेलं गिळायचा. एकदा नाही गिळलं. म्हणाला, भाऊजी, दोन लशी आमच्या फ्रिजमध्ये पडून आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्या खिशात पडून आहे, आणि ताई इथे पडून आहे. तिघांची गाठ घालून द्यायला मुहूर्त बघताय की काय? मिनिटरावांनी त्याला अर्ध्या रिकाम्या फेरीचा सिद्धान्त समजावला. मेव्हण्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की स्टॉपवर थांबलेल्या माणसाला गाडी भरलीय की रिकामी याचं काय असतं? मिनिटराव म्हणाले, हा प्रवाशाचा दृष्टिकोन झाला. मेव्हणा म्हणाला, ताई प्रवासीच आहे, डेपो मॅनेजर नाही. यावर दोघांचा चहा निवला.

तो गेल्यावर बायको कपबशा उचलता उचलता थांबली.

"अहो, मी काय म्हणते, त्या दोन तरी घेऊन टाकू का? सुईचं माझं मी बघेन. डोळे मिटून घेईन."

मिनिटरावांनी पेन्सिल घेतली. पंधरा मिनिटं ते तिला तक्ता दाखवत होते. आवाज चढवला नाही, उलट फार प्रेमाने सांगितलं. सहाच महिन्यांचा प्रश्न आहे, इतके महिने काढले, आता अर्धवट कशाला करायचं. ती मान हलवत राहिली. तिने जन्मात कधी त्यांची गाडी उशिरा आलेली पाहिली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही एवढं आखलंय तर."

त्याच आठवड्यात डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरचा निरोप समारंभ होता. बंद हॉल, दीडशे माणसं, सहा भाषणं. मिनिटराव परत आले ते शिंकतच. साधं पडसं होतं. दोन दिवस ते अंथरुणाला खिळले, म्हणजे स्वतःच खिळून घेतलं, आणि तिने त्यांना वाफारा दिला, पांघरूण सारखं केलं, उशाशी बसून जुन्या गोष्टी काढल्या. तिसऱ्या दिवशी ते खडखडीत बरे झाले.

चौथ्या दिवशी ती उठली नाही. थकवा आलाय म्हणाली. त्यांनी थर्मामीटर लावला; ताप नाही. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. तिन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवले. ताप नाही म्हणजे काळजी नाही, असा हिशेब होता. या गोळ्या तापही झाकून ठेवतात, आग लागली तरी धूर दिसू देत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि ते रेघा मारत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा गोळ्या द्यायला आला, दारातूनच बहिणीचा श्वास बघितला, आणि चपलाही न काढता रिक्षा आणायला खाली धावला.

हॉस्पिटलात तिला मास्क लावला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होता, सुरुवात फ्लूने झालेली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई व्हरांड्यात भेटल्या तेव्हा मिनिटरावांनी विचारलं. चार दिवस ते हेच वाक्य मनात जुळवत होते.

"लस दिली असती तर?"

बाईंनी चष्मा काढला. "कदाचित हे झालं नसतं. कदाचित झालं असतं, पण हलकं. कदाचित असंच झालं असतं. या डोसवर मला छातीठोक सांगता येणार नाही."

त्यापेक्षा बाईंनी फाडकन मुस्काटात मारली असती तरी मिनिटरावांना परवडलं असतं. डेपोत गाडी उशिरा आली की कारणाचा रकाना भरावा लागे. पंक्चर, फाटक, ड्रायव्हरचं पोट. कारण नसलेला उशीर सदतीस वर्षांत एकदाही झाला नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं, अंदाजे तरी? बाई म्हणाल्या, काका, नका ना विचारू.

मग जाता जाता, केवळ काळजीपोटी, बाईंनी विचारलं, तुम्ही तुमची लस घेतलीत ना? मी म्हटलं होतं, घरच्यांनीही घ्या म्हणजे बाहेरून काही घरात येणार नाही. घरचे म्हणजे आपण, हे मिनिटरावांच्या डोक्यात आठ महिन्यांत आलं नव्हतं. आजारी ती होती. लशी तिला सांगितल्या होत्या. निरोप समारंभ, सहा भाषणं, शिंका, वाफारा, सगळं एका ओळीत त्यांच्यापुढे उभं राहिलं. यात अंदाज करण्यासारखं काही नव्हतं.

"आता घ्या," बाई म्हणाल्या. "त्या घरी आल्या तर लागेल."

'तर' या शब्दावर त्या अडखळल्या नाहीत. मिनिटराव अडखळले.

भेटीची वेळ चार ते साडेचार, आत एका वेळी एकच जण. मेव्हणा आत गेला होता. तो येईपर्यंत टोचून घेऊ म्हणून मिनिटराव समोरच्या खोलीत गेले. सिस्टरने बाही वर करायला सांगितली, कापूस फिरवला, सुई आत गेली, बाहेर आली. ते अजून दंड ताठ धरून बसले होते.

"झालं, काका."

"झालं?"

"मग? दुखलं का?"

ते हो म्हणाले. सिस्टरने दंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाण्याचा ग्लास दिला. पहिल्यांदाच घेताय ना, बाहेर बाकावर अर्धा तास बसायचं, म्हणाली, चक्कर-बिक्कर आली तर.

ते बाकावर बसले. एकोणीस मिनिटांनी डॉक्टरीणबाई जवळजवळ पळतच आल्या. मागे मेव्हणा, डोळे लाल. बायकोचा श्वास तोकडा पडत होता. घशातून नळी घालून मशीन लावायचं का ते आत्ता ठरवायला हवं होतं. या फुप्फुसांना, या वयात, मशीन लावलं तर सुटेलच असं नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. न लावून औषधांवर थांबता येईल, तेही चूक म्हणता येणार नाही. पेशंटला विचारलं, बाई म्हणाल्या. त्यांनी तुमच्याकडे बोट केलं. दोन मिनिटं विचार करा हवं तर.

"लावा," मिनिटराव म्हणाले.

"भाऊजी, एकदा आत जाऊन तिला—"

"लावा म्हणतो ना. थांबायचं नाही."

त्यांनी बाईंच्या हातातला कागद जवळजवळ ओढून घेतला आणि न वाचता सही केली. बाई आत गेल्या. दार मिटलं. मग ते उठले, दारापर्यंत गेले, आणि बाहेर आलेल्या सिस्टरला म्हणाले, दोन शब्द बोलून येतो, लगेच.

सिस्टरने त्यांचा हात धरून त्यांना बाकाकडे वळवलं. झोपेचं औषध दिलं होतं, नळी घालायच्या आधी देतात. आता बोलणं नाही. नळी आहे तोवर नाही.

"किती दिवस असते नळी?"

सिस्टरने त्यांना खाली बसवलं, खिशातून कापसाचा नवा बोळा काढून त्यांच्या दंडावर ठेवला आणि त्यांचंच बोट त्यावर दाबून दिलं. मेव्हणा समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. तो शेजारी येऊन बसेल असं त्यांना वाटलं. तो आला नाही. मिनिटराव बोट दाबून बसून राहिले, रक्त केव्हाच थांबलं होतं तरी.